ओपॅसिटी कमी केली की ग्रेडियंटमध्ये पट्टे का पडतात? ‘आधी फिकट, मग दाणा’ हा साधा नियम



समजा तुम्ही दिवाळीच्या फराळाचं बॅनर करताय. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मरूनपासून केशरीपर्यंत जाणारा छान ग्रेडियंट टाकला. पण रंग इतका भडक, की वरची अक्षरं वाचताच येईनात. मग आपण सगळे जे करतो तेच तुम्ही केलं. लेयरची ओपॅसिटी १०० वरून २० टक्क्यांवर आणली. अक्षरं उठून दिसली, पण मागचा ग्रेडियंट आता एकसंध राहिला नाही. त्यात उभे उभे पट्टे दिसायला लागले, कापडाला चुण्या पडाव्यात तसे.

या पट्ट्यांना डिझाइनवाले बँडिंग म्हणतात. आजच्या धड्यात आपण तीन गोष्टी बघणार आहोत: पट्टे का पडतात, ते पडू नयेत म्हणून काय करायचं, आणि फाईल व्हॉट्सॲपवर किंवा प्रिंटरकडे जाताना ते परत येऊ नयेत म्हणून काय काळजी घ्यायची. व्हिडिओत हात चालवून दाखवलंय. इथे त्यामागचा हिशोब आणि पायऱ्या नीट लिहून देतोय, म्हणजे काम करताना हे पान बाजूला उघडं ठेवता येईल.

हे आपल्याला का कळायला हवं?

‘मी लाडू विकतो, डिझाइन नाही,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ग्राहकाने लाडू खाण्याआधी तुमचं बॅनर बघितलेलं असतं. पट्टे पडलेलं बॅनर त्याला ‘स्वस्तातलं’ वाटतं. का वाटतं हे त्यालाही सांगता येत नाही, पण वाटतं.

दुसरं कारण पैशाचं. मोबाईलवरची पोस्ट बिघडली तर डिलीट करून परत टाकता येते. छापलेलं लेबल परत घेता येत नाही. मसाल्याचे छापील पाऊच ग्रॅव्ह्युअर पद्धतीने करून घेणार असाल, तर प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरला जातो. फाईलमधला दोष सिलिंडरवर गेला की तो प्रत्येक पाकिटावर येतो, आणि दुरुस्ती म्हणजे सिलिंडरचा नवा खर्च. म्हणून तपासणी आधी, ऑर्डर नंतर.

पट्टे येतात कुठून? थोडा हिशोब

आपण रोज वापरतो त्या बहुतेक फाईल्स ८ बिटच्या असतात. म्हणजे काय, तर लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ग्रेडियंट डोळ्याला उतारासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो जिना असतो. पायऱ्या भरपूर आणि बारीक असल्या की जिना उतारासारखा भासतो, एवढंच.

आता आपलं उदाहरण घ्या. आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आहेत.

- मरून: १२८, ०, ३२
- केशरी: २५५, १४०, ०

ओपॅसिटी १०० असताना या दोन टोकांमध्ये लाल रंगाला १२७ पायऱ्या मिळतात, हिरव्याला १४० आणि निळ्याला ३२.

ओपॅसिटी २० केली की कॉम्प्युटर प्रत्येक ठिकाणी वरच्या रंगाचा २० टक्के भाग आणि खालच्या पांढऱ्याचा ८० टक्के भाग एकत्र करतो. मग टोकं अशी होतात:

- फिकट मरून: २३०, २०४, २१०
- फिकट केशरी: २५५, २३२, २०४

आता पायऱ्या मोजा. लाल २५, हिरवा २८, निळा फक्त ६.

बॅनर २००० पिक्सेल रुंद असेल, तर हिरव्या रंगाची एक पायरी आधी साधारण १४ पिक्सेलची होती, ती आता ७१ पिक्सेलची झाली. निळ्याची तर ३३३ पिक्सेलची! जिना तेवढाच लांब, पण पायऱ्या पाचपट रुंद. पायरी रुंद झाली की तिची कड दिसायला लागते, आणि ती कड म्हणजेच तुमचा पट्टा.

त्यात आपला डोळाही भर घालतो. दोन जवळजवळच्या छटा शेजारी आल्या की डोळा त्यांच्यामधली कड आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला ‘माख पट्टे’ म्हणतात. म्हणजे फरक फक्त एका पायरीचा असला, तरी मोठ्या मोकळ्या जागेत तो डोळ्याला खुपतो.

मग १०० टक्क्यांवर पट्टे का दिसत नव्हते?

पायऱ्या जास्त होत्या हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे डिदर, आणि आजच्या धड्याचा खरा मुद्दा हाच आहे.

रांगोळीत दोन रंग एकमेकांत कसे मिसळतात ते आठवा. मध्ये रेघ मारत नाहीत. एका रंगाचे दाणे दुसऱ्यात विरळ होत जातात आणि लांबून बघणाऱ्याला तिथे तिसरीच छटा दिसते. डिदर अगदी हेच करतं. पायरीच्या कडेला दोन्ही छटांचे पिक्सेल दाण्यांसारखे विस्कटून टाकतं, त्यामुळे कड हरवते. फोटोशॉप आणि गिंप या दोन्हींच्या ग्रेडियंट टूलमध्ये डिदरची टिक असते.

मग ओपॅसिटी कमी केली की हे दाणे जातात कुठे? दाणा म्हणजे एका पायरीचा फरक. २० टक्के ओपॅसिटीवर तो फरक एक पंचमांश पायरीचा उरतो. ८ बिटमध्ये पंचमांश पायरी नावाची गोष्टच नसते. कॉम्प्युटर तो आकडा जवळच्या पूर्ण आकड्याला नेऊन चिकटवतो. त्यामुळे पट्ट्याच्या मधल्या भागातले दाणे पुसले जातात आणि कडेला थोडेसे शिल्लक राहतात. पायऱ्या रुंद झाल्या, आणि नेमके त्या लपवणारे दाणेही गेले. दोन्हीकडून मार!

म्हणून नियम लक्षात ठेवा: आधी फिकट, मग दाणा. रंग हवा तेवढा फिकट झाल्यावर दाणा पडला पाहिजे. खालच्या तिन्ही पद्धती याच नियमाच्या वेगवेगळ्या वाटा आहेत.

पद्धत १: ओपॅसिटी कमीच करू नका, फिकट रंगाचाच ग्रेडियंट काढा

पार्श्वभूमी एकाच सपाट रंगाची असेल तर ही सर्वांत सोपी पद्धत.

१. नेहमीप्रमाणे ग्रेडियंट टाका आणि ओपॅसिटी कमी करून मनासारखं फिकट करून बघा. हा फक्त अंदाज आहे, अंतिम काम नाही.
२. आयड्रॉपर घ्या, सॅम्पल ‘ऑल लेयर्स’ ठेवा. दोन्ही टोकांवर क्लिक करून दिसतायत ते रंग उचला. आकडेमोड करायची गरज नाही.
३. जुना लेयर लपवा. नवा लेयर घ्या, ओपॅसिटी १०० ठेवा.
४. ग्रेडियंट टूलमध्ये डिदर टिक केलंय ना ते बघा आणि उचललेल्या दोन रंगांमध्ये ग्रेडियंट ओढा.

पायऱ्या याही वेळी २५-२८ च आहेत, हे विसरू नका. पण आता दाणा पूर्ण ताकदीने पडतो, म्हणून कडा दिसत नाहीत. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांमध्ये मधला रंग किंचित वेगळा वाटला, तर वरच्या पट्टीतली ग्रेडियंटची मेथड ‘क्लासिक’ करून बघा.

एक मर्यादा आहे. खाली फोटो असेल किंवा ब्लेंड मोड नॉर्मल सोडून दुसरा असेल, तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा पद्धत २ किंवा ३.

पद्धत २: १६ बिटमध्ये काम करा

८ बिटमध्ये २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये हजारो. ओपॅसिटी २० काय, ५ केली तरी पायऱ्या पुरून उरतात. फोटोशॉपमध्ये इमेज, मग मोड, मग ‘१६ बिट्स/चॅनेल’. गिंपमध्ये आवृत्ती २.१० पासून ही सोय इमेज मेनूमध्ये आहे.

पायऱ्या अशा:

१. फक्त पार्श्वभूमीसाठी वेगळी फाईल १६ बिटमध्ये उघडा. अक्षरं आणि उत्पादनाचे फोटो यात आणू नका.
२. ग्रेडियंट टाका, ओपॅसिटी हवी तेवढी कमी करा.
३. सगळे लेयर एकत्र करा, म्हणजे फ्लॅटन.
४. त्यावर साधारण १ टक्का नॉईज टाका. हा आपला दाणा.
५. आता मोड ८ बिट करा आणि ही पार्श्वभूमी मुख्य फाईलमध्ये आणा.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. फ्लॅटन न करता ८ बिटमध्ये आलात, तर प्रत्येक लेयर सुटा ८ बिटचा होतो आणि ओपॅसिटीचा हिशोब पुन्हा ८ बिटमध्येच मांडला जातो. पट्टे परत हजर! आधी एकत्र करा, मग खाली उतरा.

फाईल आधीच ८ बिटमध्ये केली असेल तर? ग्रेडियंटचा लेयर अजून सुटा असेल, तर काही बिघडलेलं नाही. मोड १६ करा, लेयर मर्ज करू का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा, आणि पायरी २ पासून पुढे चला. पण सगळं आधीच मर्ज झालं असेल, तर पट्टे चित्रातच मुरलेत. नुसता मोड बदलून ते जाणार नाहीत.

पद्धत ३: वरून नॉईज टाका

मर्ज झालेली फाईल, जुनं बॅनर, कुणाकडून आलेलं चित्र अशा ठिकाणी हाच उपाय उरतो.

अक्षरं आणि फोटोचे लेयर लपवा. मग पार्श्वभूमीची एकत्र प्रत नव्या लेयरवर घ्या. फोटोशॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई ही चार बटणं एकत्र दाबली की ती तयार होते. त्या लेयरवर फिल्टर, मग नॉईज, मग ‘ॲड नॉईज’. १ ते २ टक्के पुरतं. ‘मोनोक्रोमॅटिक’ टिक करा, नाहीतर रंगीबेरंगी ठिपके दिसतात. मग लपवलेले लेयर परत दाखवा.

करड्या रंगाचा लेयर करून त्यावर नॉईज टाकायचा आणि त्याला ओव्हरले मोड द्यायचा, ही युक्ती तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. ती मध्यम गडद रंगांवर छान चालते. पण ओव्हरलेचा परिणाम पांढऱ्याच्या जवळ जाताना कमी कमी होत जातो. आपली पार्श्वभूमी फिकट आहे, म्हणजे नेमका तिथेच दाणा दिसेनासा होईल. म्हणून फिकट रंगांसाठी वर सांगितलेली एकत्र प्रतीची पद्धतच वापरा.

हे उपाय करत बसू नका

- ब्लर: ८ बिटमध्ये ब्लर मारल्याने नव्या पायऱ्या तयार होत नाहीत. उलट होता तो दाणाही पुसला जातो.
- डीपीआय वाढवणं: पिक्सेल वाढतात, रंगाच्या पायऱ्या तेवढ्याच राहतात.
- ओपॅसिटीऐवजी फिल कमी करणं: साध्या नॉर्मल लेयरवर दोन्हींचा परिणाम सारखाच. ग्रेडियंट लेयर स्टाईलमधून दिला असेल, तर फिल कमी करून तो फिकट होतच नाही.

कॅन्व्हा वापरताय?

आपल्यातले बरेच जण कॅन्व्हावरच काम करतात आणि त्यात काही कमीपणा नाही. पण तिथे बिट बदलायला किंवा डिदर टिक करायला जागा मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. एक, ग्रेडियंटची ट्रान्सपरन्सी कमी करण्याऐवजी थेट फिकट रंग निवडा. दोन, तुमच्या ब्रँडच्या रंगातली पार्श्वभूमी गिंपमध्ये एकदा नीट दाणा टाकून तयार करा, पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि कॅन्व्हात अपलोड करून ठेवा. गिंप मोफत आहे. पोस्ट, स्टेटस आणि बॅनर अशा तीन मापांच्या तीन फाईल्स केल्या की वर्षभराचं काम भागतं. तीच ती पार्श्वभूमी वापरल्याने ब्रँडही लक्षात राहतो.

सेव्ह करताना आणि पाठवताना

इतकी मेहनत करून शेवटच्या पायरीवर घसरू नका.

- माप आधी ठरवा. मोठ्या मापात दाणा टाकून नंतर चित्र लहान केलं, तर शेजारचे दाणे एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंद हवं असेल, तर त्याच मापावर दाणा टाका.
- जेपीईजीची क्वालिटी उतरवू नका. जेपीईजी फाईल लहान करताना बारीकसारीक तपशील आधी फेकून देतं, आणि आपला दाणा तर सगळ्यात बारीक. फोटोशॉपमध्ये १२ पैकी १० किंवा त्याहून वर ठेवा.
- पीएनजी-२४ निवडा, पीएनजी-८ किंवा जिफ नको. त्या दोन्हींत पूर्ण चित्राला मिळून जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात.
- व्हॉट्सॲपवर प्रिंटरला फाईल पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते.

दाणा टाकल्यावर फाईलचं वजन वाढतं, पीएनजीचं तर बरंच. ते चालायचंच.

फ्लेक्स आणि लेबल छापताना

आपला तोच फिकट ग्रेडियंट १० फुटी फ्लेक्सवर गेला असं समजा. १० फूट म्हणजे साधारण ३०५ सेंटिमीटर. हिरव्या रंगाच्या पायऱ्या २८. म्हणजे एक पट्टा जवळपास ११ सेंटिमीटर रुंद! मोबाईलवर जेमतेम जाणवणारी गोष्ट रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसू शकते. छपाईच्या शाईचे ठिपके कडा थोड्या झाकतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

छपाईला देताना एवढं करा:

१. जेपीईजीऐवजी टिफ किंवा चांगल्या क्वालिटीची पीडीएफ द्या.
२. सीएमवायके करायचं असेल तर १६ बिटमध्ये असतानाच करा, ८ बिट नंतर.
३. ग्रेडियंटचं टोक अगदी नाममात्र फिकट ठेवू नका. फार हलकी छटा कागदावर उतरत नाही आणि रंग मध्येच तुटल्यासारखा दिसतो.
४. पूर्ण ऑर्डरआधी ग्रेडियंटचा एक लांब तुकडा छापून मागा. पूर्ण बॅनर लहान करून छापलेला नमुना नको, कारण त्यात पट्टेही लहान होऊन लपतात. खऱ्या मापातला तुकडाच हवा.

पट्टे फाईलमध्ये आहेत की स्क्रीनमध्ये?

काही स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन रंगाला ८ ऐवजी ६ बिटच दाखवतात. तिथे चांगल्या फाईलमध्येही पट्टे दिसू शकतात. म्हणून आधी झूम १०० टक्के करा, कारण कमी झूमवर दिसणारं चित्र फसवं असू शकतं. मग तीच फाईल दुसऱ्या फोनवर उघडा. तरी शंका राहिली, तर सगळ्यात वर लेव्हल्सचा लेयर टाकून कॉन्ट्रास्ट मुद्दाम खूप वाढवा. सलग, स्वच्छ कडांचे पट्टे दिसले तर दोष फाईलमध्ये आहे. रवाळ, विस्कटलेलं दिसलं तर तुमचा दाणा आपलं काम करतोय. तपासून झालं की तो लेयर काढून टाका.

डिझायनरकडून काम करून घेताय?

मग हे सगळं स्वतः करायची गरज नाही, पण मागता आलं पाहिजे. काम देतानाच हे चार मुद्दे लिहून द्या:

- पार्श्वभूमी १६ बिटमध्ये करावी आणि शेवटी दाणा टाकावा.
- लेयर सुटे असलेली मूळ फाईल मला मिळावी.
- पोस्टसाठी आणि छपाईसाठी वेगळ्या फाईल्स, ठरलेल्या मापात मिळाव्यात.
- छपाईआधी खऱ्या मापाचा नमुना बघून मी होकार देईन.

यातला दुसरा मुद्दा सोडू नका. मूळ फाईल हातात असेल तर पट्टे कधीही दुरुस्त होतात. फक्त जेपीईजी असेल तर वरून नॉईज टाकण्यापलीकडे काही करता येत नाही.

आजचा गृहपाठ

२००० बाय ८०० पिक्सेलची पांढरी फाईल घ्या. वरच्या अर्ध्या भागात मरून ते केशरी ग्रेडियंट काढून ओपॅसिटी २० करा. खालच्या अर्ध्या भागात २३०, २०४, २१० पासून २५५, २३२, २०४ पर्यंतचा ग्रेडियंट डिदर लावून, १०० टक्के ओपॅसिटीवर काढा. लांबून बघितलं तर दोन्ही भागांचा रंग सारखाच. आता वर लेव्हल्स टाकून कॉन्ट्रास्ट वाढवा आणि बघा. वरचा जिना आणि खालचा उतार एका नजरेत कळेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की ओपॅसिटीची पट्टी ओढताना हात आपोआप थांबेल.

मग तुमच्या दुकानाचं किंवा ब्रँडचं सध्याचं बॅनर उघडा आणि त्यावर हीच परीक्षा करा. पट्टे निघाले तर पुढच्या छपाईआधी पार्श्वभूमी बदलून घ्या.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत लक्षात ठेवा: आधी फिकट, मग दाणा!